हात धरायचा हुकूम

बेसिक ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आलो तेव्हा साताऱ्याच्या स्टँडवर वडील मोटरसायकल घेऊन उभे होते. एसटीतून उतरलो आणि त्यांच्यासमोर नकळत टाचा जुळवून ताठ उभा राहिलो. वडील हसले नाहीत. ते स्वतः इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. औंधाकडच्या आमच्या गावापर्यंत ते रस्त्याबद्दल आणि उसाबद्दलच बोलत राहिले. घरी जेवायला बसल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "मग, ट्रेड कंचा मिळाला?"

"नर्सिंग असिस्टंट."

भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला. "म्हंजी सुया टोचायच्या?"

"आवं, मिलिट्रीतच हाय की त्यो," आई म्हणाली.

"व्हय, मिलिट्रीतच हाय," असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला.

आमच्या गावात घराआड एक फौजी. सुट्टीभर जो तो विचारायचा, पलटण कुठली? मी "मेडिकल" म्हटलं की समोरचा दुसरीकडे बघत "बरं हाय, बरं हाय" म्हणायचा. सुट्टी संपायच्या आधीच मला निघावंसं वाटायला लागलं होतं. अवघड ते सगळं संपलंय, आता फक्त शिकायचंय, अशी माझी समजूत होती.

ट्रेड ट्रेनिंगची शाळा पार उत्तरेत होती. मोठं लष्करी हॉस्पिटल आणि त्याला लागून आमच्या वर्गखोल्या. बेसिकमध्ये विचार करायचं कामच नव्हतं. शिट्टी वाजली की पळायचं, चुकलं की तिथंच शिक्षा, शिक्षा झाली की विषय संपला. इथं वर्गात पंखे होते, भिंतीवर हाडांचे तक्ते होते आणि शिकवणारे उस्ताद हळू आवाजात बोलायचे. त्या हळू आवाजाचीच मला धास्ती बसली. औषधांची इंग्रजी नावं, डोस, नसा. चाचणीत नापास झालं की मागच्या बॅचमध्ये टाकायचे. धावण्यात मी आमच्या कंपनीत पहिला यायचो; इथं पहिल्याच चाचणीत कसाबसा काठावर तरलो. मागं कुणी खुर्ची सरकवली तरी मी उठून उभा राहायचो. जेवण न चावता गिळायचो. कुणी घाई करत नव्हतं, तरी अंग शिट्टीची वाट बघत असायचं.

मग आम्हाला वॉर्डात पाठवायला लागले. आमचे उस्ताद म्हणजे डोंगराळ मुलखातले एक चष्मेवाले हवालदार. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला, "देखो, सुनो, और मुँह बंद." मला बरं वाटलं. हे मला जमण्यासारखं होतं.

त्या वॉर्डात एके दुपारी एक म्हातारा दाखल झाला. निवृत्त फौजी, मुलाकडे राहायला आलेला. मुलगा त्याच छावणीत नोकरीला होता. म्हाताऱ्याचा पाय गुडघ्यापर्यंत सुजून लाल झाला होता आणि ताप चढला होता. मुलगा त्याला भरती करून ड्यूटीवर परत गेला. म्हाताऱ्याला हिंदी येत असणार, आयुष्य फौजेत गेलेलं. पण तापात ती सगळी पुसली गेली होती. तो कुणाला तरी सांगत होता, "पानी द्या की रं जरा." मी ट्रॉलीपाशी होतो. तो आवाज ऐकताच मी पाण्याचा ग्लास भरला. थेट आमच्याकडची बोली. पाणी पाजताना विचारलं तर म्हणाला, "सांगलीजवळ, माधवनगर."

थोड्या वेळानं उस्ताद इंजेक्शन भरून आले. मागं मी, हातात ट्रे. सुई बघताच म्हातारा उशीवरून अर्धा उठला.

"नगं! ही नगं. मागं मिरजंत दिली तवा अंगभर गांधी उठल्या, नरडं आवळलं. मरतुया म्हनलं मी!"

उस्तादांनी केसपेपर बघितला. त्यावर कुठल्या औषधाचा त्रास आहे असं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, म्हातारा सुईला घाबरतोय. "कुछ नहीं बाबा, चींटी काटेगी," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी हुकूम दिला, "हाथ पकड़."

मी ट्रे ठेवला. म्हाताऱ्याचं मनगट धरलं. हुकूम झाला की हात आपोआप पुढं जातो, तसा माझा गेला होता. कातडी तापलेली होती आणि खाली नाडी धडधडत होती. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "तुला कळतंय न्हवं मी काय म्हनतुय ते?"

मला कळत होतं. त्या वॉर्डात ते फक्त मलाच कळत होतं.

उस्तादांनी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. तोंड उघडायला गेलो तर 'मुँह बंद' आठवलं. मी मनगट सोडलं आणि त्या दंडावर माझा तळवा आडवा ठेवला.

"क्या कर रहा है?"

"उस्ताद, रुको!" आवाज फुटला तो परेड ग्राऊंडवरच्यासारखाच. पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. टेबलापाशी बसलेल्या नर्सिंग ऑफिसर मॅडम तडक आल्या. मी सावधान उभा राहून, अडखळत, मोडक्यातोडक्या हिंदीत म्हाताऱ्याचं म्हणणं सांगितलं. मॅडमनी मला त्याला पुन्हा विचारायला लावलं: कुठलं औषध, किती वेळानं त्रास झाला, श्वास अडकला होता का. म्हाताऱ्यानं सगळं नीट सांगितलं. मॅडमनी उस्तादांच्या हातातली सिरिंज घेतली, ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं. औषध बदललं गेलं.

उस्ताद ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे गेले.

त्यानंतरचे दिवस बेसिकपेक्षा वाईट गेले. हुकूम मोडला होता, तोही सगळ्यांसमोर. रोज सकाळी वाटायचं, आज नाव पुकारणार. पळवा, रांगायला लावा, काय ते एकदाचं करा, असं झालं होतं. पण उस्ताद मला चादरी बदलायला सांगायचे, तापमान घ्यायला सांगायचे आणि पुढं जायचे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. घरी फोन केला तेव्हा वडिलांनी विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "बरं चाललंय," आणि फोन ठेवला.

असाच एकदा राऊंड चालू होता. नवीन पेशंटला उस्ताद काहीतरी विचारत होते आणि तो बावचळला होता. तो कर्नाटकातला, मला त्याचं काहीच कळत नव्हतं. उस्ताद मागं वळले आणि सगळ्या पोरांना म्हणाले, "इसकी बोली का कोई आदमी ढूँढ़ के लाओ. उसके बाद सुई." मग चष्मा पुसत माझ्याकडे बघितलं. "और वॉर्ड में चिल्लाना नहीं. पास आ के बोलना." बस, एवढंच. त्या दिवशी मेसमध्ये मी पहिल्यांदा सावकाश जेवलो.

कोर्स पास झालो. नंबर मधलाच आला. निघताना म्हाताऱ्याचा मुलगा भेटला आणि म्हणाला, सुट्टीत माधवनगरला जाऊन बघून या, आमचा म्हातारा आता घरीच असतो.

गेलो. म्हातारा दारात खुर्ची टाकून बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही. मुलाच्या छावणीतून आलोय म्हटल्यावर खूश झाला, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि स्वतःच गोष्ट सुरू केली. "तितं दवाखान्यात मला मारलंच हुतं गड्या. पर एक मॅडम लय हुशार. माजं बोलनं तिनं वळखलं."

"मराठी येत होती का त्यांना?"

"तर! चांगलं फाडफाड बोलत हुती."

मी कप तोंडाला लावला. चहा फार गोड होता. पायाच्या अंगठ्याला त्याला नवी जखम झाली होती, चप्पल लागून. त्यानं ती मला दाखवली. घरातलं औषध सुनेनं आणून दिलं. मी जमिनीवर बसून त्याचा पाय मांडीवर घेतला आणि औषध लावायच्या आधी विचारलं, "आजोबा, तुमाला कशाचा तरास हुतो?"

"सुईचा," तो म्हणाला. "ती एक सुई सोडली तर कशाचा न्हाई."