खोली रिकामी नाही

सकाळी बाई गळ्यातली शिट्टी वाजवायच्या. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या; निवृत्त होऊन जमाना झाला, गुडघे गेले, वॉकर आला, पण शिट्टी काही सुटली नाही. ती वाजली की इमारतीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी आपापलं दार उघडायचं. ज्याचं उघडलं नाही, त्याच्याकडे शेजाऱ्यानं जायचं. कुणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "हजेरी आहे. जिवंत असाल तर द्या."

तुम्ही उज्जैनला माधव नगरातून कधी गेला असाल, तर ही इमारत नजरेतून सुटली असेल. पाहण्यासारखं तिच्यात काही नाही. एका मराठी ट्रस्टची, आमच्या घरासमोरची. नावापुरत्या भाड्यात एकेका खोलीत एकेक एकटा जीव. तिथं ना नर्स, ना नोकर. व्यवस्था बाईंची. तिथल्या एका काकांना दिसत नव्हतं, पण हात भक्कम, म्हणून कणीक ते मळायचे. हात थरथरणाऱ्या आजी त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. ज्याचे पाय चालत, त्यानं औषधं आणायची. "दोन अर्धवट मिळून एक धडधाकट होतो," हे बाईंचं गणित. मी समोर राहतो आणि माझ्याकडे स्कूटर आहे, म्हणून मलाही त्यात धरलं होतं. विचारलं मात्र नव्हतं.

भांडायच्याही मनापासून. पोह्यांवर शेव कमी पडली म्हणून काकांशी अबोला धरायच्या आणि त्या अबोल्यातच त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायच्या.

मग शहरात यात्रेकरू वाढले आणि जो तो घराचं लॉज करू लागला. ट्रस्टच्या सचिवांनाही तेच सुचलं. माणूस वाईट नव्हता, देवाधर्माचा होता. कुणाला काढणार नाही, म्हणाले. फक्त एखादा गेला की त्याची खोली यात्रेकरूंना. वरच्या दोन खोल्यांना एसी लागलासुद्धा. बाकीच्यांनी मरायचीच काय ती वाट पाहायची होती. माझं नुसतं डोकं फिरलं. बोलल्या बाई.

बैठकीत सचिव शहराबाहेरच्या वृद्धाश्रमाचं गुणगान करत होते. तिथं म्हणे सगळं हातात मिळतं. बाई वॉकर आपटत उठल्या.

"सगळं हातात मिळालं तर या हातांचं काय करू? आम्ही कुठे नाही जाणार. मेले तरी मी खोली सोडणार नाही."

सचिव हसले. त्यांना ते म्हातारीचं बोलणं वाटलं.

गेल्या थंडीत बाई आजारी पडल्या. आळीपाळीनं सगळ्यांनी केलं त्यांचं, त्यांच्याच शिव्या खात. शेवटी शेवटी काकांना बजावलं, "मागे दिवा लावून बसू नका. खोलीत माणूस आणा." तेरावा होईपर्यंत गेलेल्याच्या खोलीला हात लावायचा नाही, असा सचिवांचा दंडक होता आणि बाईंना तो पक्का ठाऊक होता.

टावर चौकाजवळ एका म्हातारीला घरमालकानं लॉजसाठी बाहेर काढलं होतं. चक्रतीर्थाच्या स्मशानात बाईंना पोचवून आलो आणि संध्याकाळी ई-रिक्षातून तिला घेऊन आलो. रडू येत होतं आणि तिची ट्रंकही चढवायची होती. सुतकाचं काय, असं कुणीतरी पुटपुटलं. काका म्हणाले, "बाईंना जाऊन विचार."

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सचिव कुलूप घेऊन आले. दार उघडंच होतं. खाटेवर नवी म्हातारी लसूण सोलत बसली होती आणि तिच्याभोवती सगळी इमारत. सचिव काही बोलणार, तेवढ्यात तिनं त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"चप्पल बाहर उतारो, भैया. यहाँ लोग रहते हैं."

कुलूप बगलेत धरून सचिवांनी वाकून चपला काढल्या.