आहेराचा एक डॉलर

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या पद्मनाभ खांबेट्यांनी सव्वीस वर्षं एका बँकेच्या कर्जविभागात काढली. अनोळखी माणसांची लाखांची कर्जं हसतमुखाने मंजूर करणारे हे गृहस्थ स्वतःच्या मुलीवरचं दीड हजार डॉलरचं कर्ज कळल्यावर मात्र भरल्या ताटावरून उठले होते. काय बोलायचं अशा माणसाला!

अनुयाने विद्यापीठात असताना विद्यार्थी खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात नसलेले पैसे बिनव्याजी उचलायची सवलत, पुरेपूर वापरली होती. पदवीनंतर जूनअखेर सगळं भरायचं, नाहीतर व्याज सुरू. खातं बापलेकीच्या दोघांच्या नावावर. त्यामुळे तो उणे दीड हजारांचा आकडा पद्मनाभरावांच्या फोनवरही दिसायचा, आणि ते रोज सकाळी चहाच्या आधी तो बघून स्वतःचं डोकं फिरवून घ्यायचे.

"मी फेडणार आहे, बाबा. तू मध्ये पडू नकोस. प्रॉमिस कर."

"कशातून फेडणार? पगार जुलैअखेर. शनिवार-रविवारी तू घरात नसतेस. हिंडून कर्ज फिटतं का?"

"बाबा, प्लीज लाह!" वैतागली की तिच्या बोलण्याला हे सिंगापुरी 'लाह' चिकटायचं.

त्यांनी वचन दिलं आणि हात शिवशिवायला लागले म्हणून तिच्या पगाराच्या खात्यासाठी सात बँकांचा तक्ता करून तिला पाठवला. तिने तो उघडलाही नाही. तिला फक्त फोनवर चालणारी बँक हवी होती, आणि खातं एकटीच्या नावावर. "शाखाच नाही? मग भांडायला जायचं कुठे?" पद्मनाभरावांनी विचारलं.

शेवटी जून संपायला दोन दिवस असताना त्यांचा धीर सुटला. जेवणाच्या सुट्टीत ते तिचं खातं असलेल्या बँकेत गेले आणि तिच्या खात्यात रोख पैसे भरून आले. फोनवरून पाठवले असते तर नाव दिसलं असतं ना! पोरगी पदवीधर झाली, हा आपला आहेर, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आता आहेर कधी शून्यावर संपतो का? म्हणून पंधराशेवर एक डॉलरचं नाणं ठेवलं. काउंटरवरच्या बाईंनी ते नाणं दोनदा उलटंपालटं करून बघितलं.

एक जुलैला अनुया खातं बंद करायला बसली. तिचे स्वतःचे पंधराशे ठरवून ठेवल्याप्रमाणे आदल्या दिवशीच जमा झाले होते. तरी फोनवर बँक नकार देत होती, कारण खात्यात शिल्लक होती पंधराशे एक.

"बाबा!"

"मी नाही," पद्मनाभराव म्हणाले.

"मग दुसरं कोण वर एक डॉलर टाकणार? अख्ख्या सिंगापूरमध्ये?"

खातं दोघांचं, आणि शिल्लक असली की बंद करायला शाखेत दोघांच्या सह्या. दोघंही अर्धा दिवस रजा टाकून शाखेत गेले, आणि पुढे चाळीस नंबर! पद्मनाभराव वैतागले. चूक स्वतःची असली की माणूस जरा जास्तच वैतागतो.

"पण तुझ्याकडे दीड हजार आले कुठून? आधी सांगितलं असतंस तर..."

"तिकडे बिशान भागात दोन मुलींना मॅथ्स शिकवत होते. जानेवारीपासून. दर शनिवार-रविवार."

सहा महिने आपण हिला काय काय ऐकवलं, ते पद्मनाभरावांना एकदम आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सांगायचंस ना गं."

"तू हिशेब मागितला असतास. तासाला किती, कमी का घेतेस. मला फक्त ते खातं एकदा शून्यावर आलेलं बघायचं होतं, बाबा. मी आणलेलं. तीस तारखेला रात्री बारापर्यंत जागी होते मी त्याच्यासाठी, आणि दिसले पंधराशे एक."



त्यांचा नंबर लागला. काउंटरवरच्या मुलीने पंधराशे एक डॉलर मोजून पद्मनाभरावांच्या हातात दिले आणि स्क्रीन दोघांकडे वळवली.

"अनू, बघ," ते घाईघाईने म्हणाले. "झालं शून्य."

अनुयाने मान वर केली नाही.

"हे शून्य तू आणलेलं आहे," ती म्हणाली, आणि सही करायला पेन मागितलं.