सात नंबरचं खोकं

वाळलेल्या कपड्यांतले निम्मे घड्या घालून झाले होते, निम्मे पलंगावर लोळत होते. मी चादरीची दोन टोकं हनुवटीखाली धरून तिसरं शोधत होते, तेवढ्यात दार वाजलं. चादर तशीच खांद्यावर टाकून दार उघडलं, तर वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई. माझा गुडघा धरलाय हे त्यांना कुठून तरी कळलं होतं.

"सहज आले हो," म्हणत त्यांनी माझ्या हातात एक छोटं खोकं ठेवलं. "माझ्या बहिणीनं दिलं होतं. तिला ऑफिसातल्या कुणा बाईनं दिलेलं. इतकं गोड आहे की उघडवेचना. म्हटलं, तुम्हाला आवडेल."

पहाटेच्या आभाळासारखा फिका रंग. एका बाजूला पानाच्या आकाराची कापलेली खिडकी, आणि तिच्यातून येणारा तो ओळखीचा वास. हे खोकं आमच्याच घरातलं होतं. मागच्या खोलीत बनलेलं, आमच्या वन्संच्या हातचं.

बाई गेल्या. कपडे राहिले पलंगावर. त्या दिवसांत जे जे झालं ते मी सकाळची प्रार्थना आटोपल्यावर वहीत तुकड्यातुकड्यानं टिपलं होतं. आज ते सलग लिहितेय, कारण वन्संबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि घरात लिहिणारी मी एकटीच.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सव्वीस वर्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात खळीच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. बिस्किटांची खोकी, औषधांची, बुटांची, बाहुल्यांची. त्यांच्या हाताखालून किती गेली असतील ते देवालाच ठाऊक. तिथं एक रीत होती. जिनं खोकं चिकटवलं तिनं झाकणाच्या आतल्या घडीवर पेन्सिलीनं आपला आकडा टाकायचा, म्हणजे खोकं उसवलं तर कुणाचं ते कळावं. वन्संचं एकही परत आलं नाही. हे त्या अगदी साध्या आवाजात सांगतात, पण सांगतात मात्र दर महिन्याला.

एकदा मी विचारलं होतं, "वन्सं, दिवसभर तेच तेच करून जीव कंटाळत नव्हता?"

"हात काम करायचे गं. मी कुठे तिथं असायचे?" त्या म्हणाल्या. "माल भरायच्या आधी रिकाम्या खोक्यात डोकावून बघ कधी. आत एक उजेड असतो. पांढरा, दबलेला. बाहेर यंत्रांचा खडखडाट आणि आत काही नाही, नुसतं पहाट झाल्यासारखं. मी प्रत्येकात एकदा बघून घ्यायची. मग ते जायचं."

त्या असं बोलू लागल्या की मला वाटायचं, ह्या बाई आमच्या घरात राहतात खऱ्या, पण ह्यांचा पत्ता दुसराच असणार.

वेष्टनाची जादू मला त्यांनीच दाखवली. गुडघा बरा असायचा तेव्हा आम्ही दोघी दुपारची कोपऱ्यावरच्या दुकानात जायचो. खरेदी थोडी, उभं राहणं जास्त. दुपारी दुकानात एक सुस्ती असते. पंखा फिरत असतो, काचेतून ऊन येऊन डब्यांवर पडतं, डबे मासोळ्यांसारखे चमकतात, आणि माणसं त्यांच्यामधून झोपेत चालल्यासारखी फिरतात. वन्सं माझ्या कोपराला हळूच ढोसायच्या. "तोंडाकडे नको बघू. हाताकडे बघ."

मी बघायची. हात आधी छातीच्या उंचीच्या कप्प्याकडे जातो. वस्तू उचलतो, जोखतो, उलटून बघतो. मागचं कुणी वाचत नाही, तरी उलटतात. खोकं आत खुळखुळलं की परत ठेवतात. एका बाईंनी तर एकच धुण्याची पावडर निळ्या आणि पिवळ्या पुड्यात बघितली आणि शेजारणीला ठासून सांगितलं, "निळी जास्त पांढरं काढते." वन्संनी दोन्ही पुडे त्यांच्या कारखान्यातच केले होते. माल एकाच पिंपातला.

"त्यांना सांगा ना," मी कुजबुजले.

"कशाला? त्यांचे कपडे खरंच पांढरे निघत असतील. निळ्याच्या भरवशावर दोन हात जास्त घासत असतील."

मी हसले, आणि घरी येऊन पाहिलं तर माझ्याच पिशवीत समुद्राचं चित्र असलेलं मीठ. ह्यांनी ते बघितलं. "लाटा बघून घेतलंस ना? आमटीत होडी सोड आता."

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर वन्संनी साबण करायला घेतला. मागच्या खोलीत साचे मांडायच्या, वड्या कापायच्या आणि फडताळावर सहा आठवडे वाळवायच्या. सगळी खोली ओल्या गवतासारखी दरवळायची. ह्यांनी विचारलं, "ताई, आता विसाव्याच्या वयात हे काय काढलंस?"

वन्संनी हातातली वडी खाली ठेवली. "अरे, सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाची घरं बांधली. एकदा तरी आतलं माझं असू दे. कुणीतरी म्हणू दे, की आतलं चांगलं आहे."

बस, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्या वड्या त्यांनी तपकिरी कागदात गुंडाळल्या. दुकानदारानं त्या सगळ्यांत खाली, खराट्यांशेजारी ठेवल्या. तीन आठवड्यांत दोन खपल्या, त्यातली एक ह्यांनी गुपचूप विकत आणलेली आणि कपाटात विसरलेली. मग वन्संनी फिकट पुठ्ठा आणला. एकाच तुकड्याचं, खळीचा थेंबही न लावता नुसत्या घड्यांवर उभं राहणारं खोकं त्यांनी केलं. झाकण मिटलं की पाकळी मिटल्यासारखं. वास बाहेर यावा म्हणून ती पानाची खिडकी. आतून निळा रंग, उघडणाऱ्यालाच दिसेल असा. आणि सवयीनं घडीवर पेन्सिलीचा आकडा, फक्त आता आपला नव्हे, खोक्याचा: एक, दोन, तीन.

आठवड्याभरात चाळीस गेली. दुकानदार स्वतः घरी आला. "मावशी, काय केलंत हो! माणसं हातात घेतात आणि खाली ठेवतच नाहीत. उद्यापासून डोळ्यांसमोरचा कप्पा तुमचा." मग जरा घुटमळून म्हणाला, "फक्त एक आहे. तीन महिन्यांत तीच गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा मागायला आली पाहिजेत. नुसती नव्या नवलाईची गर्दी मला पुरत नाही. नाहीतर कप्पा दुसऱ्याला द्यावा लागेल."

नवी माणसं येत राहिली, हळूहळू कमी होत. दुसऱ्यांदा मागायला एकही आलं नाही.

वन्सं फडताळावरच्या वड्यांकडे पाठ करून बसू लागल्या. एक दिवस म्हणाल्या, "खोकं चांगलं होतं गं माझं. साबणच वाईट असणार. मला खोक्यांपलीकडे काही येत नाही, हे निदान आता कळलं." मी म्हटलं, असं नका म्हणू. पण साबण चांगला आहे असं मला म्हणवेना, आणि का म्हणवेना तेही मी सांगितलं नाही. देवापुढे मात्र त्या रात्री मान वर झाली नाही.

आणि तीन महिने संपायला चार दिवस असताना शिक्षिकाबाईंनी ते खोकं आणून दिलं.

मी ते वन्संच्या मांडीवर ठेवलं. "हे कुठून आलं?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी झाकणाची घडी उलगडली. आत पेन्सिलीचा सात. म्हणजे पहिल्या आठवड्यातलं. निळ्या पोटात वडी जशीच्या तशी, आतला पातळ कागदही न सुटलेला.

"बहिणीला ऑफिसातल्या बाईनं दिलं," वन्सं बोटांवर मोजत म्हणाल्या, "बहिणीनं बाईंना, बाईंनी तुला. चार घरं हिंडून आलं. आणि एकीलाही उघडवलं नाही." आणि त्या हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "अगं, माझा साबण वाईट आहे का चांगला, हे अजून कुणाला माहीतच नाही! मीच दार इतकं छान लावलं की आत कुणी जाईना."

आम्ही तशाच दुकानात गेलो. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा कसानुसा झाला. "मावशी, खरं सांगू? आमच्या घरीही एक आहे. बायकोनं कपाटात ठेवलंय. म्हणते, कपड्यांना वास छान येतो."

"तुम्हीसुद्धा!" वन्सं म्हणाल्या.

मग मलाही राहवेना. "वन्सं, माझंही चादरींच्या घडीत आहे. पहिल्या दिवशी तुम्ही दिलेलं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. इतके दिवस त्या माझ्या शेजारी बसून आपल्या साबणाला नावं ठेवत होत्या, आणि मी त्याला पाणीसुद्धा लावलं नव्हतं. चांगलाय म्हणायला तोंड कुठून उघडणार होतं? देवा, क्षमा कर.

"निदान खरं बोललीस," त्या म्हणाल्या, आणि दुकानदाराकडे वळल्या. "मला अजून पंधरा दिवस द्या. खोकं बदलते."

"बदलू नका हो! खोक्यानंच तर हात जातो."

"हात जाईल. पण उघडलं की परत मिटणार नाही असं करते."

त्यानं पंधरा दिवस दिले.

आयुष्यभर न फाटणारी खोकी केलेल्या बाईला फाटणारं खोकं करायचं होतं. तीन दिवस त्या मागच्या खोलीतून जेवायलाच तेवढ्या बाहेर आल्या. पुठ्ठ्यावर सुरी टेकवायच्या आणि थांबायच्या. चुकून जास्त खोल जाईल म्हणून नव्हे, जाणूनबुजून आपली घडी अधू करायची म्हणून. शेवटी झालं. तेच पहाटेचं खोकं, पण कमरेला एक दोरा, ओढा म्हणून बाहेर लोंबणारा. दोरा ओढला की पुठ्ठा टर्रकन दोन भागांत उघडतो आणि परत काही केल्या मिटत नाही. आकडा टाकायला आतली घडीच उरली नव्हती.

आज सकाळी त्यांनी पहिलं माझ्यापुढे धरलं. "ओढ."

माझा हात पुढे जाईना. इतकं देखणं होतं ते. ऊन पुठ्ठ्यावरून वाहत होतं, मागच्या खोलीतला गवताचा वास घरभर तरंगत होता, आणि मला वाटलं, हे असंच राहू द्यावं, आपण सगळ्यांनी याच्याभोवती नुसतं बसावं.

"ओढ म्हणते ना! का परत चादरीत घालतेस?"

मी डोळे मिटून ओढला. आवाज झाला. डोळे उघडले तर निळ्या रंगाचे दोन तुकडे माझ्या हातात आणि मधे ती वडी, उघडी.

मोरीवर जाऊन मी हात धुतले, तोंड धुतलं. फेस बारीक, मऊ. वास असा की क्षणभर आपण कुठे उभे आहोत तेच विसरावं. वन्सं दाराला टेकून उभ्या होत्या. सव्वीस वर्षांत खोकं परत आलं नाही म्हणून सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली.

"बोल," त्या म्हणाल्या. "आणि गोड बोलू नकोस."

मी टॉवेलनं हात टिपले. पुन्हा खोटेपणा नको होता. "चांगलाय, वन्सं. खरंच चांगलाय. फेस तर फारच छान. पण नंतर कातडी ओढल्यासारखी होते. इथं, गालावर."

त्या पुढे आल्या. माझ्या गालावरून दोन बोटं फिरवली, जशी पुठ्ठ्याची कड तपासावी तशी. मग दुसऱ्या गालावरून. चेहरा असा उजळला की जणू मी त्यांना काही बहाल केलं होतं.

"तेल कमी पडलं," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग मोठ्यानं, ह्यांना ऐकू जावं म्हणून, "अरे, ऐकलंस का? माझ्या साबणात तेल कमी आहे!"

"अभिनंदन, ताई!" हे बाहेरून ओरडले. काय झालंय ते त्यांना बिलकूल कळलं नव्हतं.

संध्याकाळी वन्संनी साचे धुऊन पालथे घातले आणि मोठी किटली पिशवीत काढून ठेवली. उद्या सकाळी त्या तेलाच्या दुकानात जाणार आहेत, दोन लिटर तेल आणायला.