सव्वाचारची शेगडी

असले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात लिहिणाऱ्याच्या चुका काढत असते. झोप झाली नसेल, काहीतरी विसरला असेल, योगायोग असेल... नोकरीच तशी आहे माझी. त्यामुळे खाली जे लिहितेय ते वाचून तुम्हीही माझ्या चुका काढा. मी काढून थकले.

आधी माझं काम सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी विजेच्या बाजाराचे अंदाज बांधते. उद्या वीज किती लागेल, भाव कुठपर्यंत चढेल, आणि कमी पडलीच तर महागड्या गॅसवर चालणारं केंद्र सुरू करावं लागेल का, हे आदल्या दिवशी सांगायचं. नेमका आकडा कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आम्ही पट्टा सांगतो — इथपासून इथपर्यंत. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचा पट्टा काढायचा. ऊन, ढग, सण, क्रिकेटची मॅच, सगळं हिशेबात घेऊन जे उरतं त्याला आम्ही 'नॉइज' म्हणतो. म्हणजे ज्याला काही अर्थ नाही ते.

मी राहते पासलीला, वेल्हे तालुक्यात. गाव माझ्या नवऱ्याचं. निवृत्तीनंतर राहायला म्हणून त्याने भाताच्या खाचरांच्या वर सिमेंटच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. तो अचानक गेला तेव्हा आतून रंगही झाला नव्हता. काम घरूनच करायचं होतं, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जीव रमेना, म्हणून इथे आले. माणसं वाईट नाहीत इथली. पण दिवसभर मी लॅपटॉपशीच बोलते. कधीकधी मीटिंग संपल्यावर लक्षात येतं की आज मोठ्याने बोललेलं एवढंच.

मागच्या पावसाळ्यानंतर आम्हाला डोंगरी गावांतल्या वापराचा अभ्यास मिळाला. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, नवीन मीटर बसवले होते आणि दर पंधरा मिनिटांचं रीडिंग थोड्या उशिराने आमच्या स्क्रीनवर यायचं. मी मुद्दाम आमच्याच गावाच्या वरच्या वाडीची डीपी घेतली. आठ घरं, त्यातली सहा बंद. एका घरात एक जोडपं, दिवसभर शेतात. दुसऱ्यात सोनाबाई म्हणून एक एकट्या म्हाताऱ्या बाई. इतका छोटा वापर की मॉडेल दोन दिवसांत शिकलं.

फक्त एक तुकडा बसेना. रोज दुपारी सव्वाचार ते साडेचार.

त्या पंधरा मिनिटांत वापर एकदम वर जायचा आणि परत खाली. जोडपं तेव्हा शेतात. सोनाबाईंकडे एक बल्ब आणि मोबाईलचा चार्जर. मी आमच्या वायरमनला फोन केला. तो वर जाऊन आला.

"म्याडम, मीटर एकदम ओके हाय. चोरीचा आकडा-बिकडा कुणी टाकलेला न्हाई. दोन घरांच्या केबली सोडल्या तर खांबावर दुसरं काई न्हाई."

"मग एवढी वीज जाते कुठं?"

"त्ये तुमीच बघा आता," तो म्हणाला.

म्हणून एका दुपारी मीच चढून गेले. वीस मिनिटांची वाट आहे. सोनाबाई शेवटच्या बंद घराचा ओटा झाडत होत्या. मी कोण ते सांगितलं. नवऱ्याचं नाव ऐकून त्यांनी झाडू खाली ठेवला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. बऱ्याच दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता... असो.

ते घर त्यांच्या मैत्रिणीचं, हौसाबाईंचं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. दोन वर्षांपूर्वी हौसाबाई वारल्या. मुलीने सामान नेलं, लाईट कापली, दाराला कुलूप घातलं.

"तुम्ही अजून ओटा झाडता मावशी?"

"मंग काय करू? रोजचं बसणं हितंच व्हतं. लेकीनं तिला लाईटीची शेगडी आणली व्हती, कॉईलची. ग्यासची टाकी संपली की खालनं आणणार कोण? मंग चार वाजून गेले की ती शेगडीवर च्या टाकायची आन् हाक मारायची, सोने, ये गं!"

मी घड्याळात पाहिलं. सव्वाचार होऊन गेले होते. घर बंद. खिडकीतून डोकावले तर आत एक रिकामी कणगी आणि भिंतीवर मीटर काढल्याची चौकोनी खूण. सोनाबाईंच्या घरातला बल्बही बंद होता. खाली येऊन स्क्रीन पाहिली. त्या तुकड्यात वापर वर गेलेला. गणित केलं... कॉईलची एक शेगडी दहा-बारा मिनिटं चालवली तर जेवढी वीज लागेल, तेवढाच.

मी घाबरले नाही, खोटं कशाला सांगू. चिडले. काहीतरी आहे जे मला सापडत नाही, एवढंच वाटलं. पण त्यानंतर मी अधूनमधून दुपारी वर जायला लागले. थर्मासमध्ये चहा घेऊन जायचे. सोनाबाई म्हणायच्या, "लई साखर घालतीस पोरी," आणि दोन कप प्यायच्या.

भातकापणीचे दिवस होते. सकाळी मोठी मीटिंग होती. वीजकेंद्रांच्या गॅसचं जहाज उशिरा येणार अशी बातमी आली होती, त्यामुळे भावाचा पट्टा किती रुंद धरायचा यावर ग्राहकासमोर मीच बोलत होते. तेवढ्यात स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत आमच्या ऑफिसातल्या निखिलचा मेसेज आला.

"ताई, तुमच्या त्या वाडीत लग्न काढलंय का कुणी?"

मी पाहिलं. साडेदहापासून वापर वर होता. तीच उंची. एक तुकडा, दुसरा तुकडा, खाली येतच नव्हता. सकाळी साडेदहाला!

मी वाक्य अर्धवट टाकलं. "सॉरी, मला जावं लागेल," एवढं म्हणून लॅपटॉप तसाच ठेवून उठले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्याच पद्धतीने विचार केला असता तर मी आधी मीटरची चौकशी केली असती.

वर पोचले तर वाडीत चिटपाखरू नाही. सोनाबाईंचं दार उघडं, आत कुणी नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. हौसाबाईंच्या घराला वळसा घालून मागे गेले... मागच्या पायरीखाली सोनाबाई पडल्या होत्या. झाडू हातात. एक पाय वेडावाकडा. तोंड उन्हाने काळंनिळं पडलेलं, ओठ कोरडे. श्वास चालू होता.

जोडपं खालच्या खाचरात कापणीला गेलेलं, ते अंधार पडल्यावर परतणार. तोपर्यंत त्या बाजूला कुणीच आलं नसतं.

खालून पिकअप मागवली. वेल्ह्याच्या दवाखान्यात, तिथून पुण्याला. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय, अजून काही तास तशाच राहिल्या असत्या तर अवघड होतं. ग्राहक माझ्यावर नाराज झाला, त्याला आमच्या कंपनीच्या सरांनी समजावलं.

घरी आल्यावर मी रीडिंग उघडलं. मी वर पोचले त्याच तुकड्यापासून वापर खाली आला होता. निखिलकडेही तेच दिसत होतं. वायरमनला मी पुन्हा वर पाठवलं. तो परत येऊन एवढंच म्हणाला, "म्याडम, तिथं वायरच न्हाई, तर जाळणार काय?"

सोनाबाईंना त्यांच्या लेकीने सारोळ्याला नेलं. हायवेला लागूनच घर आहे, सारखा ट्रकचा आवाज. कापूरहोळहून वडापची जीप पकडून मी भेटायला गेले. कॉटवर बसल्या होत्या, पाय लांब करून. लेक आत गेल्यावर मी विचारलं.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही हाक मारली होती का कुणाला?"

"कशी मारणार? तोंडातनं आवाजच फुटंना."

"मग भीती नाही वाटली?"

"सकाळच्या पारी पडले तवा वाटली. मंग ऊन चढल्यावर च्याचा वास आला. म्हनलं, हौसानं आधण ठिवलंय, म्हंजी कुणीतरी येणार. पडून ऱ्हायले."

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. त्यांनीच विचारलं, "आता तिकडं ओटा कोण झाडतं गं?"

"मी झाडते," म्हटलं. त्यांना दवाखान्यात नेल्यापासून मी एकदाही वर गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले.

सोनाबाई वाडीतून गेल्या त्या दिवसापासून सव्वाचारचा तुकडा सपाट आहे. एकदाही वर गेलेला नाही. मी आजही रोज बघते.

महिन्याभरापूर्वी अभ्यासाचा अहवाल द्यायचा होता. ज्या ज्या ठिकाणी मॉडेल चुकलं, तिथे 'कारण' असा रकाना. निखिल म्हणाला, "ताई, मीटर दोष लिहून टाका, कोण विचारतंय!" पण मीटर दोनदा तपासलेला, दोष नव्हता. मी 'माहीत नाही' असं लिहिलं.

सरांचा फोन आला. "हे काय लिहिलंय?"

"जे आहे ते लिहिलंय सर. मला खरंच माहीत नाही."

 मला वाटलं चिडतील. पण ते काळजीच्या आवाजात म्हणाले, "तिथे तुम्ही एकट्याच राहता ना?"

"हो," म्हटलं.