ट्रेडमिलची गिरणी

आमच्या ट्रेडमिलवर कधी कुणी धावलं नाही. अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या या घरात आलो तेव्हा मोठ्या हौसेने घेतली, आणि मग तिच्यावर टॉवेल वाळत राहिले. माझ्या शनिवारच्या यादीत दोन ओळी कायमच्या मुक्कामाला होत्या: 'ट्रेडमिल विकणे' आणि 'शेजारच्या काकांची शिडी परत करणे'. पहिली ओळ खोडायचीच असं मी ठरवलं, त्याच सकाळी नवऱ्याने ट्रेडमिल खोलून तिची मोटर काढली.

"काढायचीच होती ना ती घरातून?" तो म्हणाला.

"विकून काढायची होती. पाना घेऊन नाही."

मोटर हवी होती गिरणीसाठी. नवरा गॅरेजमध्ये बिअर करतो. ही विद्या त्याला शेजारच्या काकांनी दिली. ते अस्सल अमेरिकन, पण आमच्या घरात काकाच. आता ते महिनाअखेरीस लेकीकडे ॲरिझोनाला कायमचे निघाले होते. सामान आवरताना त्यांनी माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची, शेवटची पिशवी नवऱ्याच्या हातात ठेवली. "याची बिअर तू एकट्याने कर. एक ग्लास पिऊनच मी गाडीत बसेन." आजवर प्रत्येक वेळी काका शेजारी उभे असायचे. ही पहिली परीक्षा होती, आणि बिअर मुरायला लागणारे दिवस धरले तर त्या शनिवारी सुरुवात करणं भागच होतं.

हाताने फिरवायची लहान गिरणी होती, पण बॅडमिंटनने नवऱ्याचा खांदा गेलेला. म्हणून एका फळीवर गिरणी, मोटर, मधे पट्टा, आणि वर दाणे ओतायला माझा तांदळाचा डबा, बूड कापून. मी दोनच अटी घातल्या: पट्ट्यावर झाकण आणि हाताशी स्विच. दुपारपर्यंत गिरणी फिरली. आवाज ऐकून नागपूरहून आलेल्या सासूबाई पदर खोचून गॅरेजमध्ये हजर झाल्या. खाली पडलेल्या माल्टची चिमूट त्यांनी अंगठ्यावर चोळून पाहिली.

"जाड आहे रे. दलिया झालाय. पुन्हा घाल."

"आई, बिअरला असंच लागतं."

"पिणार तुम्ही, मला त्याचं काय. पण दळण नीट हवं."

खरं तर माल्ट नुसता भरडायचा असतो. दाणा फुटला पाहिजे आणि टरफल शाबूत राहिलं पाहिजे, कारण पुढे तेच गाळणीचं काम करतं. नवऱ्याला हे पाठ आहे. पण लहानपणी जाड दळण आणलं म्हणून तो इतक्यांदा गिरणीवर परत पाठवला गेला होता, की ऑफिसात अख्खी टीम हाकणाऱ्या या माणसाचा हात आपोआप गिरणीच्या स्क्रूकडे गेला. दाणे भरडणारे रोलर अगदी जवळ आणून त्याने सगळी पिशवी पुन्हा दळली. सासूबाईंनी परत चिमूट चोळली. "आता कसं!"

मोठ्या पिंपात गरम पाणी ओतून ते पीठ भिजत ठेवलं. तासाभराने खालची तोटी उघडली. चार थेंब आले आणि तोटी बंद झाली. झाकण काढलं तर आत खळ.

"लापशी झाली की ही," सासूबाई म्हणाल्या.

नवरा पायरीवर बसला. ऑफिसचा सर्व्हर बंद पडला तरी जो आधी चहा संपवतो, तो मान खाली घालून बसला.

"दुसरा माल्ट आणू या, दुकान उघडं आहे," मी म्हटलं.

"काकांनी ही पिशवी दिली होती गं."

उपाय सासूबाईंकडे होता. "बांधून टांगा. चक्का कसा करतो आपण?" गोधडीसाठी आणलेली जांभळ्या काठाची जुनी मऊ साडी त्यांनी दुहेरी घातली. तिघांनी मिळून लापशी तिच्यात भरली, गाठोडी बांधली आणि काकांच्या शिडीला टांगली. खाली माझी पुरणाची पातेली. सोनेरी, गोड पाणी ठिबकू लागलं. नवऱ्याने पिळायला हात पुढे केला.

"पिळू नकोस! चक्का पिळतं का कुणी?"

नेमके तेव्हाच काका शिडी मागायला आले. शिडीला लटकलेल्या साडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. गिरणीखाली सांडलेलं पीठ उचलून त्यांनीही अंगठ्यावर चोळलं. "हे इतकं बारीक कुणी केलं?"

सासूबाईंना प्रश्न भाषांतराशिवाय कळला. "सांग त्यांना, मी. आणि म्हणावं, शिडी ठिबकणं थांबल्यावर मिळेल."

ठिबकलेलं पाणी नवऱ्याने उकळून, यीस्ट घालून मुरवलं. निघायच्या सकाळी काका गाडीला टेकून नवऱ्याच्या हातचा ग्लास प्याले. बिअर ताकासारखी गढूळ होती. नवरा त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढेना. काकांनी ग्लास रिकामा केला, प्रवासासाठी दोन बाटल्या मागितल्या आणि सासूबाईंसमोर वाकून आधी शिडीकडे, मग त्यांच्याकडे हात केला. ती त्यांनी नेली नाही.

यादीतली शिडीची ओळ मी त्याच दिवशी खोडली.