कापसाच्या ढिगाशी बसलेली बाई

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. खेड्यांचा विकास किती झाला, या अभ्यासासाठी मी वालूरजवळच्या एका गावात घरोघर प्रश्न विचारत हिंडत होतो. आमची जीप शिरताच गावातले पुरुष गायब झाले.

एका घरात मात्र एक बाई कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसली होती. पदर दातात, हात कापसातला कचरा वेचण्यात. माझा प्रश्न संपायच्या आत ती मान हलवायची.

"मालक आहेत?"

"न्हाई."

"वीज आली?"

"न्हाई."

तिच्या डोक्यावरच बल्ब लोंबत होता.

शेवटी तिनंच विचारलं, "दादा, नसबंदीवाले तर न्हाईत ना तुमी?"

"नाही हो मावशी. नुसतं विचारायला आलोय."

तिच्या दातातला पदर सुटला. मोठा श्वास टाकून तिनं मागच्या ढिगावर थाप मारली. "अवो, निघा भाईर! नुसतं इचारायलेत."

ढीग हलला आणि मिशीभर कापूस घेऊन मालक बाहेर आले. आम्ही तिघंही हसत सुटलो.

मग मी छापील प्रश्न वाचला, "सरकारी धोरणामुळे अलीकडे तुमचं काय भलं झालं?"

नवऱ्याच्या मिशीतला कापूस वेचत ती म्हणाली, "ह्ये वाचले की! लिवा."