दर वीस मीटरला एक बीप: अण्णांना घेऊन पठारावरच्या वाडीला

"बबन्याला गुडघं खाली येऊ देत न्हाईत आन् मला काळीज वर जाऊ देत न्हाई. झालं, संपला विषय." गेलं वर्षभर माझे वडील हे एकच वाक्य म्हणत होते. अण्णा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि बबनकाका त्यांच्याच पलटणीतले. काकांचं घर साताऱ्याच्या पश्चिमेला, पठारावरच्या एका वाडीत. गाडीरस्ता पायथ्याच्या गावात संपतो, पुढे नुसती पायवाट. अण्णांच्या हृदयात स्टेंट बसल्यापासून दोघांची भेट नव्हती.

दसऱ्याआधी तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सरळच विचारलं. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "चढू देत की. पण दम लागायच्या आधी बसायचं, लागल्यावर नाही."

हे ऐकायला सोपं आहे. तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस मुलीनं "बसा" म्हटलं म्हणून बसत नाही.

माझं सांगलीत मिक्सर आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. रिकाम्या वेळात सेन्सर जोडून काहीबाही करत बसायचा मला नाद आहे. म्हटलं, माझं ऐकणार नाहीत, पण यंत्राचा हुकूम ऐकतील. हवेचा दाब मोजणारा एक नखाएवढा सेन्सर मिळतो. आपण वर गेलो की दाब कमी होतो आणि त्यावरून किती चढलो ते काढता येतं. तो सेन्सर, एक छोटा बोर्ड, आकडे दाखवणारी पट्टी आणि एक बझर, असं सगळं प्लॅस्टिकच्या डबीत बसवलं. वीस मीटर चढलं की डबी वाजणार आणि आम्ही पाच मिनिटं बसणार. कुणाला करायची असेल तर एक सूचना: सेन्सरच्या भोकावर स्पंजचा तुकडा लावा. नाहीतर वाऱ्याच्या झुळकेनं आकडा उड्या मारतो.

दुसरी गंमत मला घरी टेबलावरच कळली. दुपारी डबी जागची न हलता पंचवीस-तीस मीटर 'चढायची'. मी सेन्सर खराब म्हणून बदलला. दुसराही तेच करायला लागला! मग वाचून कळलं की आपल्याकडे हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमाराला जास्त असतो आणि चारपर्यंत उतरत जातो. सेन्सर बिचारे दोन्ही बरोबर होते.

शनिवारी सकाळी आमची जुनी गाडी काढली. हायवेनं न जाता तासगाव, विटा, पुसेसावळी असा रस्ता धरला. वेळ थोडा जास्त लागतो, पण ट्रकांची गर्दी नाही. मधले काही पट्टे उखडलेले आहेत, तिथं घाई करू नका. रहिमतपुरात गरम भजी आणि चहा घेतला. अण्णांना तेलकट बंद, त्यामुळे त्यांनी माझ्या बशीतलं एकच भजं खाल्लं आणि दुसऱ्याकडे बराच वेळ बघितलं. पुढे सातारा स्टेशनवर मुद्दाम थांबलो. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती डबीत भरून घेतली, म्हणजे पुढची मोजणी तिथून होईल. मुक्काम स्टँडजवळच्या एका साध्या लॉजवर. खोली तळमजल्यावरची मागून घेतली.

रविवारी सातला पायथ्याला होतो. एका मावशींच्या अंगणात गाडी लावली आणि चढायला सुरुवात केली. पहिला बीप वाजला. अण्णा दोन पावलं पुढे गेले, थांबले, मागं वळून म्हणाले, "आत्ताच? आजून अंगसुदिक तापलं न्हाई."

"हुकूम आहे, अण्णा."

बसले! मी मनगट धरून नाडी मोजली, घोटभर पाणी दिलं. पुढच्या बीपला मात्र काही बोलावं लागलं नाही. पाचव्या-सहाव्या बीपनंतर ते स्वतःच आधी सावलीची जागा हेरून ठेवायला लागले. वाट कारवीच्या झुडपांतून जाते, चढ मध्यम आहे, काही ठिकाणी दगड शेवाळलेले होते. अर्ध्याच्या वर दोन वाटा एकत्र येतात. तिथं रचलेले तीन दगड आणि करवंदीच्या जाळीला बांधलेली लाल चिंधी आहे. तिथं मी डबीतला आकडा वहीत लिहून ठेवला: ९४८. तो लिहून ठेवण्यामागं काही शहाणपण नव्हतं, सगळेच आकडे मी लिहीत होते.

सव्वादहाला वाडीत पोचलो. डबी म्हणत होती १०६१. बबनकाका ओसरीवर बाजेवर बसलेले. उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी दाद दिली नाही.

"ये रं सर्जेराव," ते म्हणाले, "लय वाट बघायला लावलीस."

अण्णा त्यांच्या शेजारी टेकले. मग काकांनी विचारलं, "च्या बिनसाखरेचा का साखरेचा?" आणि दोघं जे सुटले ते थांबेचनात. मला वाटलं होतं लढाईच्या गोष्टी निघतील. तीन तास ते मुख्यतः एका खेचरीबद्दल बोलत होते. तिचं नाव राणी. बर्फातल्या चौकीवर रॉकेल पोचवायची आणि बबनकाका दिसल्याशिवाय पूल ओलांडायची नाही. काकांच्या सूनबाई, सुनंदावहिनी, चुलीपुढून मला म्हणाल्या, "ताई, एवढं हसताना मी मामांना कवाच बघितलं न्हाई." जेवायला नाचणीची भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी आणि ताक होतं. पैसे द्यायचा विचारही मनात आणू नका, रागावतात. जाताना चहापूड, साखर असं काही घेऊन जा.

तीनला निघायचं ठरलं. तेव्हा डबी १०८८ दाखवत होती. अण्णा म्हणाले, "बसल्या बसल्या सत्तावीस मीटर चढलो व्हय?" मी हसून त्यांना दाबाचं सांगितलं आणि सकाळचाच आकडा, १०६१, परत भरला. वहिनी सोबत येते म्हणत होत्या. अण्णांनी ऐकलं नाही. "वाट ठावी हाय. तू गुरं बघ, आभाळ आलंय."

आभाळ आलंय नव्हे, उतरलं! वाडी मागं पडल्यावर पाऊण तासात ढग वाटेवर बसला. दहा पावलांपलीकडे काही दिसेना. फोनला रेंज नव्हती आणि नकाशाही उघडेना. मी दगडांवरून नजर काढत नव्हते, अण्णांचा दंड धरून उतरत होते. जरा सपाट जागा आली म्हणून सहज डबी बघितली. ९२१.

मी वही काढून बघितली. लाल चिंधी ९४८ ला होती. ती तर दिसलीच नव्हती.

"अण्णा, आपण फाटा मागं टाकला. दुसऱ्याच वाटेला लागलोय."

"हीच वाट हाय. सकाळी ह्योच दगुड बघितला मी."

"सकाळी आपण सगळेच दगड बघितले."

ते चिडले. मलाही खात्री नव्हती. पाच-दहा मीटरची चूक होऊ शकते हे मला माहीत होतं, पण फाट्यापेक्षा सत्तावीस मीटर खाली? आणि मी चुकीची असले, तर थकलेल्या माणसाला विनाकारण चढवणार होते. त्याच क्षणी अण्णांचा हात छातीकडे गेला.

"दुखतंय?" मी त्यांचं मनगट पकडलं.

"चष्मा बघतोय गं," ते म्हणाले. खिशातून चष्मा काढून त्यांनी डबीचा आकडा स्वतः वाचला, मग माझ्या वहीतला. "वहीत तवाच लिवलं हुतंस?"

"तिथं उभं राहून."

"मग चल वर."

आम्ही अगदी सावकाश चढलो. डबी वाजली तेव्हा बसलो. ती पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. सगळीकडे पांढरं, पानांवरून थेंब पडत होते आणि अण्णांची नाडी माझ्या बोटाखाली चालू होती. थोडी जलद, पण एकसारखी. उठून जेमतेम वीस-पंचवीस पावलं गेलो असू, डाव्या हाताला लाल चिंधी दिसली. आणि ते तीन दगड. मी त्या ओल्या दगडांवर हात ठेवून उभी राहिले. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "बरं झालं ऐकलं."

सव्वापाचला मावशींच्या अंगणात पोचलो. ढग वरच राहिला होता, खाली स्वच्छ ऊन. मी त्यांना विचारलं, फाट्यावरून ती दुसरी वाट कुठं जाते?

"ती? ती औंदाच्या पावसात तुटली की. फुडं नुसता कडा हाय. आमची गुरं बी जात न्हाईत तिकडं." मग आमच्या तोंडाकडे बघून त्यांनी चहा टाकला. जाणार असाल तर वरून उतरताना वाडीतलं कुणीतरी सोबत घ्याच. कमीपणा येत नाही त्यानं.

सोमवारी दुपारी सांगलीत आलो. संध्याकाळी मी भात टाकला होता आणि बाहेरच्या खोलीत अण्णांचा फोन वाजला. बबनकाका होते. वाडीजवळच्या एका कातळावरच रेंज येते. वहिनींनी काकांना धरून धरून तिथंपर्यंत नेलं असणार. अण्णांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोनवर मोठ्यानं बोलतात.

"व्हय, पोचलो... न्हाई रं, वाट चुकलो हुतो मी. पोरीनं परत वर चढवलं... माझीच चूक, तिची न्हाई." मग बरंच ऐकून घेणं. मग हसू. आणि मग, "न्हाई गड्या, काय न्हाई झालं. छाती गप हाय."

वर्षभरात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी गॅस बारीक केला, ओट्यापाशी जमिनीवरच टेकले आणि बाहेरचं ते मोठ्यानं चाललेलं बोलणं शेवटपर्यंत ऐकत राहिले. भात थोडा लागला. अण्णांनी तरी दोनदा वाढून घेतला.